रिकाम्या टाकीचं तापमान

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात समुद्राची काळजी करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. बाकी जिल्ह्याला कापूस आहे, ऊस आहे, मिरची आहे, एप्रिलमधलं ऊन आहे. काळजीला विषय कमी नाहीत. समुद्राचं म्हणाल तर तापी प्रकाशा गावावरून त्या दिशेनं जाते खरी, पण परत येऊन काही सांगत नाही, आणि सुरतेला जाऊन परत येणारे लोक फक्त साड्यांबद्दल बोलतात. मी स्वतः भूगोलाचा शिक्षक. सव्वीस वर्षं मुलांना भरती-ओहोटी शिकवतोय, पण समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला. त्यातल्या एकदा ओहोटी होती, म्हणजे तसा पुरता पाहिला असंही म्हणता येणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे म्हसावदचे, घरी शेती; पण शिकत शिकत असे काही घरंगळत गेले की थेट किनाऱ्यावरच्या एका कचेरीत जाऊन थांबले. तिथं ते काय करतात हे सासरच्या मंडळींना कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं. कळसाडीच्या आमच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "धाकला जवाई समुद्रवर शे," आणि शेजारणी समजायच्या की मासे पकडतात. खरी गोष्ट अशी की देशाच्या समुद्रात जागोजागी यंत्रं ठेवलेली असतात. नांगरून ठेवलेले पिवळे तरंगते बोये, बंदरांतले भरती मोजणारे खांब, खोल बुडी मारून आपोआप वर येणारी नळकांडी. ती पाण्याची उष्णता, लाटांची उंची, वारा असलं काय काय मोजत बसलेली असतात. हे सगळे आकडे उपग्रहावरून खाली आणायचे, तपासायचे, दोन-तीन ठिकाणी साठवायचे आणि कोळ्यापासून शास्त्रज्ञापर्यंत ज्याला हवेत त्याच्या हाती पडतील अशी सोय करायची. ही सोय देशभर एकसारखी कशी असावी, कुठं कोणते सर्व्हर लागतील, कोणता आकडा कोणत्या वाटेनं जाईल, याचा आराखडा आमचे साडू करत होते. थोडक्यात, समुद्राला सगळे लोक किनाऱ्यावरून बघतात; हे खुर्चीतून बघायचे.

आणि ते बरंच होतं, कारण त्यांना बोट लागते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एकदा जहाजावर पाठवलं होतं. त्या प्रवासातल्या पहिल्या ओकारीपासून सहाव्या ओकारीपर्यंत प्रत्येकीची वेळ आणि अक्षांश-रेखांश त्यांनी वहीत टिपून ठेवले आहेत. ती वही मी पाहिली आहे. चौथ्या नोंदीचं अक्षर जरा हललेलं आहे, एवढंच. मी विचारलं, "अहो, त्या अवस्थेत लिहायचं सुचलं कसं? नंतर आठवून लिहायचं." तर ते अगदी दुखावल्यासारखे म्हणाले, "दादा, नंतर आठवून लिहिलेलं चालत नाही." हे वाक्य मी तेव्हाच मनावर घेतलं असतं तर पुढची शोभा टळली असती.

त्यांच्या तोंडी कायम तीन प्रश्न असत: कोणी मोजलं? कधी? कशानं? एकदा बायकोला ताप आला म्हणून मी फोनवर सहज सांगितलं, "हिला एकशे दोन ताप आहे." लगेच तिकडून, "कोणी मोजला?" मी म्हटलं, मी. "कधी?" आत्ताच. "कशानं?" मी कपाळाला हात लावून पाहिला होता. "मग एकशे दोन कुठून आलं?" मग एखाद्या वाया गेलेल्या मुलाच्या बापाशी बोलावं तशा आवाजात ते म्हणाले, "दादा, आकडा असा अनाथ सोडू नका हो. त्याचे आईबाप कोण ते नेहमी सोबत लिहावं." त्यानंतर आकड्यांच्या आईबापांवर त्यांनी जे काही सांगितलं ते ऐकेपर्यंत बायकोचा ताप उतरला आणि ती उठून कणीक मळायला लागली. पण तो उतरल्याची नोंद कुठंच नाही.

दुसरी खोड म्हणजे प्रती. कुठलीही वस्तू एका ठिकाणी ठेवली की यांचा जीव टांगणीला. स्वतःच्या लग्नाचे अल्बम त्यांनी तीन करून घेतले. एक म्हसावदला, एक कळसाडीला, एक आमच्याकडे नंदुरबारला. एका जागी आग लागली आणि दुसऱ्या जागी पूर आला तरी तिसऱ्या जागी त्यांचं लग्न शाबूत राहणार. मेव्हणी एकदा माझ्यासमोर म्हणाली, "फोटोंची इतकी काळजी घेतात, त्यातली थोडी मूळ प्रतीची घेतली असती तर!" साडूंनी तिच्याकडे प्रेमानं पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "काय कमी पडलं? कधीपासून?"

तर असे हे साडू दोन वर्षांपूर्वी आराखड्याचा शेवटचा भाग लिहायला म्हणून कळसाडीला सासुरवाडीत येऊन राहिले. किनाऱ्यावर लोक लिहू देत नाहीत म्हणे. पण खरं कारण वेगळं होतं. त्यांचं ठाम मत असं होतं की भर समुद्र आणि कळसाडी यात फरक फक्त पाण्याचा. दोन्हीकडं वीज भरवशाची नाही, नेटवर्क येतं आणि जातं, काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस कधी येईल ते सांगता येत नाही, आणि ऊन तर सारखंच. "इथं जे चाललं ते कुठंही चालेल," असं म्हणून त्यांनी शेतातल्या मोटारीच्या खोलीपुढं, निंबाखाली खाट टाकली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि तिथून हिंदी महासागराची व्यवस्था लावायला सुरुवात केली.

सासरे, म्हणजे आमचे मामा, रोज सकाळी विहिरीतलं पाणी मोजायला तिथं येत. गाठी मारलेला दोर आणि त्याच्या टोकाला दगड. हे त्यांचं तरुणपणापासूनचं काम. बोअर झाली, ठिबक झालं, तरी मोडलं नव्हतं. एक दिवस त्यांनी खाटेवर टेकून विचारलं, "काय करी ऱ्हायनात, जवाई?" साडूंनी उत्साहानं सगळं समजावलं: समुद्रातली यंत्रं, तिथून निघणारे आकडे, चाळण्या, साठवण, वाटप. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे ठिबकच ना हाई? विहीर, पाईप, फिल्टर, व्हॉल, टाकी."

"हो मामा! अगदी ठिबकच."

"मंग सालदार कोन?"

"सालदार? इथं सालभराचा गडी कशाला?"

"पाईप टाकनारा टाकीसन निंघी जास. पन रोज सकायले चक्कर कोन मारी? नळी उंदीरनी कुरतडी का नही, फिल्टरमा गाळ बसना का नही, हाई कोन दखी?"

"मामा, ते यंत्र स्वतःच सांगतं."

"यंत्र सांगस. पन आयकनारा कोन?"

एवढं बोलून मामा दोर गुंडाळून निघून गेले. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. खाटेवर पडून निंबाकडं बघत राहिले. संध्याकाळी उठून त्यांनी आराखड्यात एक नवीन पान घातलं: देशभर प्रत्येक ठिकाणी आकड्यांची रोज देखरेख करणारी, आकड्यांना नावानिशी ओळखणारी काही माणसं कायमची नेमावीत. त्याचं कचेरीतलं नाव लांबलचक होतं. आम्ही घरात त्याला सालदाराचं पान म्हणत असू.

वरून उत्तर आलं की यंत्रं आपल्या चुका आता आपणच ओळखतात, सबब सदर पान वगळावं. साडूंनी परत लिहिलं. शेवटी ठरलं असं की अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बैठक होईल, तिथं साडूंनी एखाद्या छोट्या उदाहरणावरून आपलं म्हणणं दाखवून द्यावं, नाहीतर पान काढलं जाईल. मी म्हटलं, "एवढ्या शेकडो पानांतून एक गेलं तर काय बिघडलं?" ते म्हणाले, "दादा, बाकी सगळी पानं लोखंडाची आहेत. माणसाचं एवढं एकच आहे."

छोटं उदाहरण म्हणून त्यांनी जे काढलं ते आम्हीच निघालो. तीन ठिकाणं ठरली. कळसाडीला मामांनी विहिरीचं पाणी मोजायचं, म्हसावदला साडूंच्या आईनं माठातल्या पाण्याची उष्णता, आणि नंदुरबारला मी गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीची. रोज सकाळी सातला, सहा आठवडे. आकडे तपासून गुण देणाऱ्या यंत्राला जोडलेला एक तक्ता मोबाइलवर दिला होता: आकडा, कोणी, कधी, कशानं, आणि शेवटी एक रकाना, "न मोजल्यास कारण". मामांचा आकडा हातांत येई, तेरा हात, साडेतेरा हात. तर साडूंनी मामांचा कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात टेपनं मोजून घेतला आणि तक्त्यात लिहिलं, "एकक: हात, मामांचा". म्हसावदच्या आई 'कोणी' या रकान्यात रोज "मी" लिहीत. साडूंनी फोन केला, "आई, मी म्हणजे कोण ते लिहायला हवं." आई कडाडल्या, "मी म्हंजे कोन? तुन्ही माय!" दुसऱ्या दिवसापासून तक्त्यात 'कोणी'च्या खाली "तुन्ही माय" असंच येत राहिलं आणि साडूंनी ते तसंच ठेवलं.

आता माझं. पहिले नऊ दिवस मी इतका प्रामाणिक होतो की मलाच माझा संशय यायला लागला. सकाळी सातला लुंगी सावरत शिडीवर, हातात थर्मामीटर. मग परीक्षेचे पेपर तपासायला आले. एक दिवस राहिला, दोन राहिले, आणि बघता बघता आठवडा रिकामा झाला. रिकामे रकाने बघून मला शरम वाटली. मी जन्माचा शिक्षक. रकाने नंतर भरून काढणं हे तर आमचं अंगवळणी पडलेलं. रविवारी चहा घेत घेत, साडूंचं लक्ष जायच्या आत, मी सातही दिवस भरले, प्रत्येकापुढं वेळ सकाळी सात. एकतीस पूर्णांक चार, एकतीस पूर्णांक सात, तीस पूर्णांक नऊ. दशांश चिन्ह दिलं की खोट्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा प्रामाणिकपणा येतो, हे गणिताच्या सरांकडून ऐकलं होतं. पुढं ज्या त्या दिवशी जमेल तसं खरं मोजत गेलो आणि तो आठवडा विसरूनही गेलो.

अखाजीला सगळे कळसाडीला जमलो. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाऊन मंडळी ओट्यावर लवंडलेली. साडूंनी लॅपटॉप उघडून तिन्ही ठिकाणच्या रेघा सगळ्यांना दाखवल्या. म्हसावदची रेघ कुठं तुटली होती, मामांची मध्येच खाली घसरली होती. "आणि ही दादांची बघा," ते अभिमानानं म्हणाले, "मधला हा आठवडा किती सुंदर आहे. एक खळगा नाही."

बायकोनं झोक्यावरून मान वळवून विचारलं, "कुठला आठवडा?" साडूंनी तारखा सांगितल्या.

"त्या आठवड्यात कसं? बुधवारी-गुरुवारी टाकी धुवायला काढली होती की. दोन दिवस कोरडी ठाक. मीच आत उतरून घासली."

मी आमरसाची रिकामी वाटी उचलून तिच्यात बघायला लागलो. मग मामा हसायला लागले. "काय सांगस! रिकामी टाकीले बी ताप चढना!" सासूबाई हसल्या, मेव्हणी हसली, बायको तर झोक्यावरून पडता पडता राहिली. साडू मात्र हसले नाहीत. लॅपटॉप हळूच मिटून ते विहिरीकडं चालू लागले.

मी मागोमाग गेलो. भर दुपार होती. ते मोटारीच्या खोलीच्या सावलीत बसले होते. म्हणाले, "वरच्यांना हेच म्हणायचंय, दादा. यंत्र बरं, माणूस खोटं लिहितो. उद्या मी काय तोंडानं माणसं मागू?"

मी म्हटलं, "माझी रेघच काढून टाका. दोन ठिकाणं दाखवा. कोणाला कळणार आहे?"

"पुसायचं नाही," ते एकदम म्हणाले. मग जरा वेळानं, विहिरीकडंच बघत, "मी एकदा पुसलाय. नवा होतो तेव्हा. एका बोयाचा आकडा आला, वेड्यासारखा, शेजारच्या कुणाशी जुळेना. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुसला. दोन दिवसांनी जहाज तिकडून गेलं, त्यांनीही तसंच मोजलं. बोया खरं सांगत होता. नुकसान काही झालं नाही कोणाचं. पण तो आकडा आता कुठंच नाही, दादा. तेव्हापासून मी काही पुसत नाही. वाईट असेल तर शेजारी खूण करायची, वाईट म्हणून. पण राहू द्यायचा."

मी सातही दिवसांचं खरं सांगून टाकलं. मग त्यांनी माझ्यासमोर माझ्या सात आकड्यांपुढं सात लाल खुणा केल्या, आणि कारण लिहिलं: "आठवडाभर मोजमाप नाही; आकडे नंतर भरले; दोन दिवस टाकीत पाणीही नव्हते." मास्तराच्या वहीवर लाल शेरा मारताना त्यांचा हात जराही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या वेळी वीज गेली, हे सांगायला नकोच. साडू त्यावर खूश झाले. ट्रॅक्टरची बॅटरी आणली, आणि नेटवर्कसाठी मोटारीच्या खोलीच्या धाब्यावर चढून बसले. मामांची छत्री त्यांच्या डोक्यावर धरायचं काम प्रायश्चित्त म्हणून माझ्याकडे आलं. त्यामुळं माझा पंचनामा मला स्वतःच्या कानांनी ऐकता आला. पडद्यावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "हे नंदुरबारचे निरीक्षक कोण?"

"माझे साडू. भूगोल शिकवतात."

पलीकडं कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. "मग हा खोटा आठवडा यंत्रानं पकडला ना?"

"नाही साहेब," साडू म्हणाले. "यंत्राला हाच आठवडा सगळ्यात आवडला होता. तिन्ही ठिकाणांत सर्वांत जास्त गुण यालाच दिले होते. फसलो तर मीही होतो. पकडलं ते टाकी घासणाऱ्या बाईनं. मला तीच माणसं पाहिजेत, साहेब. टाकीत उतरलेली."

पुढं बरंच बोलणं झालं, ते मला नीट कळलं नाही. छत्री धरून हात भरून आला होता. पण पान राहिलं. पूर्ण नाही, कापून कापून अर्धं केलं. साडू म्हणाले, अर्धं तर अर्धं. मामांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अर्धा सालदार बी चालस. सकायले उना म्हंजे व्हई गे." सकाळी आला म्हणजे झालं, एवढाच त्यांचा हिशेब.

त्यानंतर साडू किनाऱ्यावर परत गेले. बैठक संपली होती, तक्ता बंद करायला हरकत नव्हती, पण कोणी बंद केला नाही. मीही रोज शिडी चढत राहिलो, आणि नाही जमलं तर सरळ लिहू लागलो, "मोजलं नाही. कारण: आळस." पहिल्यांदा हे लिहिलं त्या दिवशी त्यांचा उलट निरोप आला: "छान." इतक्या वर्षांत त्यांनी माझं कौतुक केलं ते एवढंच.

गेल्या वर्षी थंडीत मामा पहाटे चारला, रात्रीच्या विजेवर मोटार लावायला गेले आणि विहिरीवर पाय घसरून पडले. मांडीचं हाड. आम्ही अंधारातच धावत कळसाडी गाठली, त्यांना गाडीत घालून नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं. त्या गडबडीत कोणाला काही सुचलं नाही. साडूंना दूर किनाऱ्यावर एवढ्यात कळवून घाबरवायला नको, मेव्हणीलाही नंतर सांगू, असं बायकोनं ठरवलं होतं. साडेसातला माझा फोन वाजला.

"दादा, कळसाडी रिकामी शे. तुमचं बी रिकामं शे." एवढे शिकलेले साडू, पण त्या दिवशी घरचीच बोली तोंडात आली. "दोन्ही एकदम रिकामं कधी ऱ्हात नही. मामाले काय व्हयनं? मी निघी ऱ्हायनू."

मला तो आठवडाभराचा खोटेपणा त्या क्षणी पुन्हा आठवला. मी अजूनही खोटे आकडे भरत असतो तर त्यांना हे कळलं नसतं.

साडू दुसऱ्या दिवशी पोचले. मामांचं ऑपरेशन झालं होतं. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "पानी कितलं शे?"

"मोजं नही, मामा," साडू म्हणाले.

"मंग रिकामं सोडी द्या," मामा म्हणाले आणि पुन्हा झोपले. साडू त्यांचा हात धरून बसले होते, टेपनं मोजलेला, तोच. तो कितीतरी वेळ त्यांनी सोडला नाही.

मामा घरी आले, काठीनं ओट्यापर्यंत येतात, पण विहिरीपर्यंत काही गेले नाहीत. तक्त्यात कळसाडीपुढं तेव्हापासून रकाने मोकळे पडतात. मी एकदा म्हटलं, ते ठिकाण बंद करून टाका. साडू म्हणाले, "बंद नाही, दादा. सध्या शांत आहे." आणि त्यांनी तसं लिहिलंय.

मी अजून रोज सातला गच्चीवर जातो. ज्या दिवशी माझा रकाना मोकळा राहतो त्या दिवशी साडेसातला फोन वाजतो, "दादा, सगळं ठीक ना?" आमच्या वयात इतक्या वेळेवर विचारपूस करणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. खरं सांगायचं तर हल्ली महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी पाय चांगले असतात, पेपरही तपासून झालेले असतात, टाकी भरलेली असते, तरी मी शिडी चढत नाही. कारणाच्या रकान्यातही काही लिहीत नाही. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारे आमचे साडू त्या दिवशी तेवढं विचारत नाहीत.